बाणकोट ते बांदा : दक्षिण कोकणच्या न्यायहद्दी

स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे आहे तिथल्याच न्यायालयात लावावा लागतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ ने हे पक्के करून ठेवले आहे. मालक दादरला राहो की सिंगापुरात क्लेमेंटीला, देवगडच्या कलमबागेचा वाटपदावा देवगडलाच उभा राहणार आणि त्यावरचे अपील ओरोसच्या जिल्हा न्यायालयात जाणार. क्लेमेंटीतल्या कोकणी कुटुंबांना हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही. गावाहून चुलतभावाचा फोन येतो, ‘कोर्टाची नोटीस आलीय, तुझी सही लागेल’, तेव्हा कळते. मग मुखत्यारपत्र तयार करायचे, भारतीय उच्चायुक्तालयातून ते साक्षांकित करून घ्यायचे, गावी पाठवायचे, वकीलपत्र द्यायचे आणि तारखेची वाट पाहायची. या धावपळीत एक प्रश्न हमखास निघतो : आमच्या गावाचे कोर्ट नेमके कुठले, आणि तेच का?

त्या प्रश्नाच्या उत्तरार्धासाठी हे पुस्तक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून जो मुलूख होतो, त्याच्या न्यायहद्दी कशा पडल्या, कोणी पाडल्या, कधी सरकल्या, हे पुढच्या प्रकरणांत आले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गेल्या दोनशे वर्षांत या हद्दी अनेकदा बदलल्या. बदलणाऱ्यांसमोर कधी महसूल होता, कधी बंदर, कधी संस्थानाशी झालेला तह. कोर्टाची पायरी चढायला निघालेल्या माणसाला किती चालावे लागेल, हा हिशेब मात्र फार क्वचित मांडला गेला. दक्षिण कोकणचा न्यायिक इतिहास हा मुख्यतः अंतराचा इतिहास आहे, आणि तो तसाच वाचला पाहिजे.

एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. महसुली जिल्हा आणि न्यायिक जिल्हा एकच असतो असे आपण गृहीत धरतो, पण तसे नसते. कुलाबा १८६९ मध्ये स्वतंत्र कलेक्टरीचा जिल्हा झाला, तरी त्याचा जिल्हा न्यायाधीश ठाण्याचाच राहिला. शेतसाऱ्यासाठी अलिबागला जाणारा माणूस अपिलासाठी ठाणे गाठत असे. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. पालघर २०१४ मध्ये जिल्हा झाला, पण पुढे कित्येक वर्षे त्याची प्रकरणे ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीतच होती. कलेक्टर एका अधिसूचनेने बसवता येतो. न्यायालय बसवायचे तर न्यायाधीश, इमारत, नाझर, बेलिफ, अभिलेखांची वाटणी आणि चालू दाव्यांचे हस्तांतर, इतके सगळे जुळवावे लागते. त्यामुळे न्यायाची रेषा महसुलाच्या रेषेच्या मागे राहते, आणि कधी कधी एक पिढी मागे राहते.

इंग्रजांच्या आधी न्याय कसा होई, याचे प्रकरण या पुस्तकात लहान आहे आणि ते योग्यच आहे. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजातर्फे जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या पुढे जाण्यासारखे फार थोडे आहे. गोतसभा बसे, वादी-प्रतिवादींकडून राजीनामे (निवाडा मानण्याची लेखी कबुली) घेतले जात, साक्षी होत आणि महजर (निवाडापत्र) लिहिला जाई. गावशिवेच्या भांडणात महाराची साक्ष वजनदार मानत, कारण शिवेचा प्रत्येक दगड त्याच्या पायाखालचा असे. त्या व्यवस्थेला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. ज्याच्या शब्दावर शीव ठरे त्यालाच त्या सभेत बरोबरीने बसता येत नव्हते. तिच्यात एक गुण मात्र होता : निवाडा वादाच्या जागेजवळ होई. पुढे जे आले त्यात हा गुण पहिल्यांदा गेला.

इंग्रजांचा पाय दक्षिण कोकणात एकदम पडला नाही. बाणकोट १७५६ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून १८१२ मध्ये मिळाले. उरलेला मुलूख १८१८ मध्ये पेशवाईबरोबर गेला. १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे बाणकोट ठरले. नकाशा समोर धरला की या निवडीतली अडचण दिसते : बाणकोट आजच्या जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, सावित्रीच्या मुखावर आहे. मालवणच्या माणसासाठी ते जवळजवळ परगावच. पण कंपनीचे ते जुने ठाणे होते, बंदर हाताशी होते, आणि साहेबाला मुंबईहून गलबताने येणे सोपे होते. तीन वर्षांत चूक उमगली आणि १८२२ मध्ये मुख्य ठाणे रत्नागिरीला हलले. जिल्ह्याच्या मध्याचा विचार करून झालेला बदल म्हणून या एका निर्णयाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

लगेच पुढे १८३० आले. बाणकोट खाडीच्या उत्तरेचे तीन तालुके उत्तर कोकणाला जोडले गेले आणि रत्नागिरी दुय्यम कलेक्टरीवर उतरली. दोन वर्षांनी, १८३२ मध्ये, ती पुन्हा पूर्ण जिल्हा झाली. सावित्रीची उत्तर हद्द मात्र तेव्हापासून कायमची झाली.

इथे क्लेमेंटीत बसून लिहिताना मला या दोन सालांपाशी थांबावेसे वाटते. सिंगापूर त्या वेळी त्याच कंपनीच्या ताब्यात होते. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर यांच्यासाठी १८२६ च्या सनदेने न्यायालय मिळाले होते. १८३० मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने या वसाहतींचा दर्जा उतरवून त्यांना बंगालच्या हाताखाली घातले. गव्हर्नर आणि रेसिडेंट कौन्सिलर ही पदे गेली, आणि सनदेत न्यायदानाचा अधिकार त्याच पदांना दिलेला असल्यामुळे न्यायालयच बंद पडले. कैदी खटल्याविना राहिले, व्यापाऱ्यांची वसुली थांबली, अर्जविनंत्या झाल्या, आणि १८३२ मध्ये जुनी पदनामे परत देऊन न्यायालय पुन्हा उघडले. एकाच कंपनीच्या दोन दूरच्या किनाऱ्यांवर त्याच दोन वर्षांत दर्जा उतरला आणि परत चढला. दोन्ही घटनांचे मूळ एकाच आदेशात आहे असे मी म्हणत नाही. पण दर्जा हा शब्द कागदावर किती निरुपद्रवी दिसतो आणि दाराशी आलेल्या फिर्यादीला त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे सिंगापूरच्या त्या दोन वर्षांनी उघडे करून दाखवले.

दुसरा दुवा अधिक वेदनेचा आहे. १८२५ पासून हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी सिंगापुरात आणले जाऊ लागले, आणि पुढे त्यांत मुंबई इलाख्यातले कैदीही आले. अंदमानची वसाहत १८५८ मधली, म्हणजे काळे पाणी अनेकांसाठी आधी सिंगापूरचे होते. या कैद्यांनी इथले रस्ते काढले, दलदली भरल्या, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल बांधले. १८६७ मध्ये या वसाहती हिंदुस्थान सरकारकडून वसाहत खात्याकडे गेल्या आणि १८७३ मध्ये कैद्यांचा तुरुंग मोडला. इलाख्यातल्या एखाद्या जिल्ह्यात बसलेल्या न्यायाधीशाच्या शिक्षेचे दुसरे टोक या बेटावर होते. न्यायहद्दीच्या नकाशात समुद्रापलीकडचा हा तुकडा आपण कधी काढत नाही. या पुस्तकाने तो काढला आहे, आणि माझ्या मते हे त्याचे मोठे काम आहे.

परत कोकणात येऊ. एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८२७ च्या नियमांनी मुंबई इलाख्याच्या न्यायालयांना एक सांगाडा दिला. मुन्सफ, सदर अमीन, जिल्हा न्यायाधीश आणि वर सदर अदालत अशी उतरंड पुढे त्यावर उभी राहिली. कोकणचा न्यायाधीश ठाण्याला बसे आणि रत्नागिरीत त्याचा सहायक असे. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय आले. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने मुन्सफ जाऊन प्रथम आणि द्वितीय वर्गाचे दुय्यम न्यायाधीश आले, तरी लोकांच्या तोंडी मुन्सफ पुढे पुष्कळ दिवस टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके होते : दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले. मंडणगड दापोलीचा पेटा, गुहागर चिपळूणचा. या यादीत सावंतवाडी आणि कुडाळ नाहीत, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे जिल्ह्याचा आकार दक्षिणेकडे चिंचोळा होत समुद्राला चिकटून जाई.

पावसाळ्यात हा सारा किनारा बंद असे. आगबोटी थांबत, खाड्यांना उधाण येई, तरी चालत नसत, घाट कोसळत. वेंगुर्ल्याच्या वादीला जूनमध्ये रत्नागिरी गाठणे म्हणजे वाटेत वाघोटण, जैतापूर अशा एकेक खाड्या पार करणे. दावा बुडाला तो पुराव्याअभावी की पावसामुळे, हे निकालपत्रात लिहिलेले नसते.

दाव्यांचा मोठा भाग खोतीचा होता. खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, आणि कूळ यांच्यातला वाद हा दक्षिण कोकणातल्या दिवाणी न्यायालयांचा रोजचा खुराक. १८८० च्या खोती कायद्याने तो सोडवण्यापेक्षा नोंदवून ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले. त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, पण प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. खोताकडे वकील होता, वेळ होता, रत्नागिरीत उतरायला नातेवाईकांचे घर होते. कुळाकडे यातले काही नव्हते, आणि म्हणून अंतर नेहमी खोताच्या बाजूने साक्ष देई. २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाची नवी इमारत उभी राहिली, त्या बातमीचे मोल हा इतिहास माहीत असणाऱ्यालाच नीट कळेल.

आता सावंतवाडी. संस्थानाचा कारभार इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला तरी ते शेवटपर्यंत संस्थानच होते; त्याची न्यायालये त्याची होती. एकाच कुटुंबाची एक जमीन वेंगुर्ल्याला इंग्रजी हद्दीत आणि दुसरी कुडाळला संस्थानात असली की वाटपाचे दोन दावे, दोन कायदे आणि दोन दरबार. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले तेव्हा ही रेषा पुसली गेली, पण तिच्या खुणा जमिनीत राहिल्या. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांतला कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न त्या खुणांपैकी एक. संस्थानी काळात गावकरांनी कबुलायत लिहून दिली, जमीन गावाची म्हणून कसली, आणि विलीनीकरणानंतर सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा पेच दशकानुदशके लोंबकळत राहिला. विलीनीकरण एका दिवसात होते. हक्काची नोंद तशी होत नाही.

त्याहून विलक्षण आहे ती दक्षिण हद्द. तेरेखोल नदी ही महाराष्ट्र आणि गोवा यांच्यामधली रेषा आहे असे शाळेत शिकवतात. पण तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर, रेडीच्या लगत आहेत आणि तरीही ते गोव्याचे. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, आणि ती एक चढाई आजही न्यायहद्द ठरवते आहे. रेडीचा माणूस वेंगुर्ले आणि ओरोसला जातो. त्याचा तेरेखोलचा शेजारी नदी ओलांडून पेडण्याला. फरक फक्त कोर्टाचा नाही. गोव्यात कुटुंब आणि वारसा यांना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा लागू आहे. त्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मिळकत सामाईक होते. कुंपणाच्या अलीकडे हिंदू उत्तराधिकार कायदा, पलीकडे ही संहिता. दोन्ही बाजूंनी सोयरीक मात्र पिढ्यानपिढ्या चालू. या प्रकरणावर लेखकाने सर्वांत जास्त पाने खर्ची घातली आहेत. वाचकाने ती घाईने उलटू नयेत.

जिल्ह्याची हद्द हीच शिक्षा होऊ शकते, याचेही उदाहरण याच मुलखात आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. वि. दा. सावरकरांना जानेवारी १९२४ मध्ये तुरुंगातून सोडताना अट घातली गेली : रत्नागिरी जिल्ह्यात राहायचे आणि सरकारच्या परवानगीविना जिल्ह्याबाहेर जायचे नाही. ही अट वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. १९२४ मध्येच रत्नागिरीत प्लेग आला तेव्हा त्यांना नाशिकला जाता आले, तेही परवानगीनेच. सावंतवाडी तेव्हा जिल्ह्यात नव्हती, म्हणजे वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता मोकळा आणि त्यापुढचा संस्थानी रस्ता बंद. उत्तरेला १८३० मध्ये कारकुनांनी आखलेली रेषाही शंभर वर्षांनी एका माणसासाठी भिंत झाली.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे दोन भाग होऊन सिंधुदुर्ग झाला आणि पुढे ओरोसला त्याचे मुख्यालय वसले. आज त्याचे आठ तालुके आहेत : देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग. बाणकोटपासून बांद्यापर्यंत एकच जिल्हा चालवण्याचा हट्ट इतकी वर्षे का टिकला, याचे पटणारे कारण मला सापडत नाही. रत्नागिरीचे क्षेत्रफळ सुमारे ८,२०० चौरस किलोमीटर, सिंधुदुर्गाचे सुमारे ५,२००. सबंध सिंगापूर साडेसातशेच्या आत. इथे आजही डिस्ट्रिक्ट कोर्ट असे नाव आहे, पण त्यासाठी बेटाचे जिल्हे पाडलेले नाहीत. क्लेमेंटी पूर्वी नगरपालिकेच्या रेषेबाहेरचा ग्रामीण भाग. आजच्या क्लेमेंटी रोडला १९४७ पर्यंत रिफॉर्मेटरी रोड म्हणत, बालगुन्हेगारांच्या सुधारगृहावरून. आता तिथून हॅवलॉक स्क्वेअरचे स्टेट कोर्ट मेट्रोने अर्ध्या तासाच्या आसपास. मी ही तुलना सिंगापूरचे कौतुक म्हणून करत नाही. शहराएवढ्या देशाला ते सोपे आहे. पण न्यायापर्यंतचे अंतर मिनिटांत सांगता येणे म्हणजे काय, हे इथे राहून रोज अनुभवता येते, आणि मग दोडामार्गच्या माणसाची पायपीट अधिक टोचते.

त्याला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे, पाचशे किलोमीटरांहून लांब. बांद्याहून पणजी सुमारे पन्नास किलोमीटर, तिथे १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचेच खंडपीठ सुरू झाले, पण ते गोव्याच्या प्रकरणांसाठी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर यांच्यासह रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या अखत्यारीत आले. वकील आणि पक्षकारांच्या चाळीसेक वर्षांच्या मागणीचे हे फळ आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, कणकवलीसाठी हा निर्णय निःसंशय चांगला. मंडणगड आणि दापोलीचे काय, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. त्यांची वाट मुंबईची, घरटी एक माणूस तिकडे नोकरीला, आणि आता उच्च न्यायालयासाठी घाट चढून कोल्हापूर. रेषा पुन्हा एकदा जिल्ह्याच्या जुन्या हद्दीवरूनच ओढली गेली. तालुका तालुका अंतर मोजून ती ओढता आली असती. ही दुरुस्ती अजूनही शक्य आहे आणि ती व्हावी, असे मी आग्रहाने म्हणतो.

क्लेमेंटीच्या वाचकासाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली सिंगापूर हा परस्पर व्यवहाराचा प्रदेश म्हणून जाहीर झालेला आहे. इथल्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात दाखल करून, त्या कलमातील अपवाद सोडून, तिथल्याच हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. म्हणजे सिंगापूरच्या निकालाची अंमलबजावणी ओरोसला होऊ शकते. याउलट वहिवाटीची पायवाट शेजाऱ्याने अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली आजही तहसीलदाराकडे जाता येते. एकाच मिळकतीच्या मालकाला या दोन्ही टोकांची गरज पडते, म्हणून दोन्ही या पुस्तकात आहेत.

वाचकांकडे एक मागणे आहे. निकाली दाव्यांचे बरेचसे कागद ठरावीक मुदतीनंतर न्यायालये नष्ट करतात, आणि ते कायद्यानेच होते. त्यामुळे दक्षिण कोकणच्या न्यायाचा मोठा पुरावा आता सरकारी दप्तरात नसून घराघरांत आहे : पणजोबांच्या पेटीतले हुकूमनामे, समन्स, फारकतीचे कागद, मोडीतले महजर, कबुलायती, संस्थानी शिक्क्यांचे अर्ज. गावचे घर पाडून नवे बांधताना हे कागद पहिल्यांदा फेकले जातात. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा ती पेटी उघडा. कागद उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका, आहेत तसे त्यांचे फोटो काढा. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा. आणि मूळ कागद घरात टिकणार नसतील तर कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या पुराभिलेखागाराशी बोला.

— क्लेमेंटी, सिंगापूर